ते झोपलेत

“ते झोपलेत,” पलीकडून बाईंचा आवाज आला. “काय काम होतं?”

“सरकारी वकिलांच्या ऑफिसातून बोलतेय. त्यांच्या केसबद्दल. ते... बरे आहेत ना?”

“बरे आहेत की. चहा घेतला आणि पुन्हा आडवे झालेत.”

मी फोन ठेवला आणि समोरच्या रकान्यात लिहिले : हयात. झोपलेले आहेत.

नाना माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होते. “अगं केमिस्ट्री, ‘हयात’ एवढं पुरे. झोपलेत कशाला लिहिलंस? उद्या लिहिशील, डाव्या कुशीवर झोपलेत.”

“जे ऐकलं ते लिहिलं, नाना.”

“बरं, राहू दे आता. सरकारी कागदावर खाडाखोड नको.”

नाना त्या ऑफिसचे हेडक्लार्क होते. मी आधी रसायनशास्त्राची पदवी घेऊन मग कायद्याकडे वळले, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले आणि माझे बारसे झाले. प्रयोगशाळेत आम्हाला एक शिस्त लावली होती : जे दिसले ते ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली लिहायचे, त्यावरून जे वाटले ते ‘अनुमान’ या मथळ्याखाली. दोन्ही एकत्र करायचे नाही. बाई म्हणाल्या झोपलेत, हे माझे निरीक्षण होते. हयात हे खरे तर अनुमान. पण रकाना एकच होता.

उन्हाळ्याच्या सुटीत कायद्याच्या विद्यार्थ्यांना सरकारी ऑफिसात घ्यायचे आणि वर मानधनही द्यायचे, ही योजना त्या वर्षी नवीच निघाली होती. आमच्या वर्गातून माझी निवड झाली. घरी आईने शेजारणीला सांगितले, “सरकारची वकील झाली.” मी म्हटले, “आई, शिकाऊ. आणि तेही उन्हाळ्यापुरती.” आई म्हणाली, “उन्हाळ्यापुरती का होईना, सरकारची ना?”

नानांचे म्हणणे वेगळे होते. “मानधन म्हणजे मान आणि धन. धन येईल सावकाश, ट्रेझरीच्या मनात आलं की. मान तेवढा जपून ठेव, तो इथे परत मिळत नाही.”

मला दिलेल्या कामाला ऑफिसात ‘हयात बघणे’ म्हणत. सरकारविरुद्ध लोकांनी लावलेल्या जुन्या खटल्यांचे कपाट माझ्या ताब्यात होते. एकेका पक्षकाराला फोन लावायचा आणि माणूस आहे की गेला ते पाहायचे. पहिल्या दिवशी मी नानांना विचारले, “पण हे आपल्याला कशाला हवंय?”

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. “समोरचा माणूस गेला, तर त्याच्या वारसांनी मुदतीत कोर्टाला सांगायचं असतं. आम्ही त्याच्या जागी उभे राहतो म्हणून. नाही सांगितलं, तर केस तिथेच संपते. आपल्याला बोटसुद्धा हलवावं लागत नाही. निम्मं कपाट असंच रिकामं होतं.”

“म्हणजे आपण माणसं मरायची वाट बघतो?”

“आपण नाही बघत. वाट बघायला माणसं कुठायत? म्हणून तर तुम्हाला बोलावलं.” मग ते जरा गंभीर झाले. “एक लक्षात ठेव. विचारायचं. समजवायचं नाही. ती समोरची माणसं आहेत. त्यांना त्यांचे वकील आहेत.”

झोपलेल्या गृहस्थांची फाइल मी त्याच दुपारी वाचली.

ते पाणी शुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर होते. शहराला पाणी सोडण्याआधी त्यात क्लोरीन पुरेसा आहे की नाही हे पाहणे त्यांचे काम. कसोटी साधी असते. नमुन्याच्या नळीत औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. क्लोरीन जास्त असेल तर पिवळा गडद, कमी असेल तर फिका. तो पिवळा काचेच्या पट्टीवरच्या पिवळ्यांशी ताडून पाहायचा आणि आकडा लिहायचा. एका पाळीत त्यांनी आकडा ठीक लिहिला आणि पाणी सुटले. पाण्यात क्लोरीन कमी होता. खालच्या वस्तीत मुले आजारी पडली आणि त्यातले एक दगावले. चौकशी झाली, निष्काळजीपणाचा ठपका ठेवून ऑपरेटरना काढून टाकले. त्याविरुद्ध ते कोर्टात गेले ते अजून तिथेच होते.

त्यांचा जबाब जेमतेम पाऊण पानाचा होता. शेवटी एक वाक्य होते : ‘तपासणीच्या खोलीत पिवळा दिवा होता, पांढरी ट्यूब मिळावी असे मी साहेबांना तोंडी सांगितले होते.’ चौकशी अधिकाऱ्याने त्यावर काहीही लिहिले नव्हते. दिव्याचा आणि पाण्याचा काय संबंध, असे त्याला वाटले असावे.

मी ते वाक्य पुन्हा वाचले. होस्टेलवर परतल्यावर फायलींच्या कव्हराचे दोन तुकडे घेऊन जिन्यात गेले. एक तुकडा नवा पिवळा, एक उन्हाने विटलेला. जिन्यात जुना पिवळा बल्ब होता. दोन्ही तुकडे त्याच्याखाली धरले. डोळे बारीक केले, मोठे केले, तुकडे अदलाबदल केले. मला फरक सांगता येईना. मग खोलीत ट्यूबखाली नेले. आंधळ्यालाही कळला असता.

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितले. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या सरकारी वकील. त्यांच्या टेबलावर एवढ्या फायली असत की त्या दिसण्याआधी त्यांचा आवाज ऐकू यायचा. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, पेन खाली ठेवले.

“छान आहे मुद्दा,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या वकिलाला सुचलेला नाही. इतक्या वर्षांत कुणालाच नाही.”

“मग?”

“मग काही नाही. तो मुद्दा त्यांचा आहे. त्यांनी मांडला तर मी उत्तर देईन. तू तो माझ्या ऑफिसातून त्यांच्या घरी पोचवणार नाहीस. कळलं?”

“हो मॅडम.”

“आणि ते हयात आहेत का बघ एकदा नीट. तारीख जवळ आलीये.”

मी पुन्हा फोन केला. ते आंघोळीला गेले होते.

त्यापुढच्या वेळी फिरायला गेले होते. त्याच्या पुढच्या वेळी घरीच होते, पण फोनवर यायला तयार नव्हते.

“ते नाही बोलायचे तुमच्याशी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सरकारच्या ना? भांडतील उगीच. मग रक्तदाब चढतो आणि निस्तरायला मी.”

“भांडू देत काकू. मी ऐकून घेईन.”

“तुम्ही ऐकाल हो. मला दिवसभर ऐकावं लागेल त्याचं काय?” त्या हसल्या. “आवाजावरून लहान वाटता. जेवलात का?”

दीड वाजून गेला होता आणि मी जेवले नव्हते.

“बघा. फायली पळून जात नाहीत. आधी जेवून घ्यावं माणसाने. हेसुद्धा असेच. केंद्रावर डबा न्यायचे आणि तसाच भरलेला परत आणायचे. म्हणायचे, पाणी सोडायची वेळ झाली होती. मी म्हणायची, शहर पाणी पिईल, तुम्ही काय प्याल?”

त्यानंतर आमचे बोलणे लांबत गेले. काकू मला त्यांच्या तब्येतीची खबर द्यायच्या. आज खोकला आहे. आज बरा आहे. आज म्हणे नळाच्या पाण्याला वास कमी आहे, म्हणून सकाळपासून चिडलेत. मी प्रत्येक वेळी रकान्यात लिहीत गेले : आंघोळीस गेले आहेत. फिरावयास गेले आहेत. खोकला आहे. नाना ते वाचून म्हणाले, “हा हयातीचा रकाना आहे की चालू कादंबरी?”

मॅडमना मात्र ती कादंबरी पुरेशी नव्हती. “एकदाही माणसाचा आवाज ऐकलेला नाहीस,” त्या म्हणाल्या. “प्रत्यक्ष जा. त्यांची सही घेऊन ये.”

घर पाण्याच्या टाकीच्या उताराला, बैठ्या घरांच्या ओळीत शेवटचे होते. दार उघडे होते आणि भर दुपारी आत पांढरी ट्यूब जळत होती. उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला होत्या, अंगठे बाहेर करून, म्हणजे कुणी आता घालून निघेल अशा.

“आलात होय?” काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. फोनवरच्या आवाजावरून मी उंच बाई कल्पिली होती. त्या माझ्या खांद्याला लागल्या. “अगदी पोरच आहेस की गं तू. बस. पंखा नीट नाही, पण वारा येतो त्या बाजूने.”

“काका?”

“आत आहेत. झोपलेत.” त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले. दाराला पडदा होता. “आधी चहा घे.”

त्यांनी तीन कप भरले. एक मला दिला, एक स्वतःजवळ ठेवला आणि तिसरा घेऊन पडद्याआड गेल्या. आतून त्यांचा आवाज आला.

“अहो, उठताय का? ऑफिसातून मुलगी आलीये. सही हवी म्हणे.” मध्ये जरा शांत. “लहान आहे हो. तिच्यावर काय ओरडायचं?” पुन्हा शांत. “बरं. पडा मग. सांगते मी.”

त्या रिकाम्या हाताने बाहेर आल्या आणि समोर बसल्या. “ताप आहे. मी केली सही तर चालेल?”

मी उत्तर देणार तेवढ्यात खिडकीतून वारा आला आणि पडदा एका बाजूला सरकला. मला आतली खाट दिसली. तिच्यावर गादी नव्हती. नुसत्या पट्ट्या होत्या. उशाशी स्टूल होते आणि स्टुलावर चहाचा कप, त्यावर साय धरायला लागली होती. खाटेच्या पायथ्याशी घोंगडी आणि चादर घडी करून ठेवल्या होत्या, कडेला कड लावून.

पडदा पुन्हा जागेवर आला. मी काय पाहिले ते काकूंनी पाहिले. त्यांनी विचारले, “आता लिहिणार का तू?”

“काकू, कधी?”

त्यांनी मान हलवली. ते सांगायचे नाही, या अर्थाने. मग म्हणाल्या, “आमचे वकील मागे घरी आले होते. ह्यांची तब्येत तेव्हाच उतरली होती. वकील म्हणाले, काका, जपा स्वतःला, तुम्ही आहात तोवर केस आहे. जाताना मला परत बजावलं, जपा हो त्यांना. मी जपलं गं. औषध, पथ्य, सगळं. तरी गेले.” त्या थांबल्या. “मग मी म्हटलं, ते नाहीत हे कळलं की केस पण जाणार. म्हणून कुणाला कळू दिलं नाही. वकिलांना नाही, कुणाला नाही. नात्यातली दोन माणसं होती, त्यांना शपथ घातली. एकदा कोर्टाने म्हणू दे, ह्यांची चूक नव्हती म्हणून. मग सांगेन म्हटलं सगळ्यांना, की गेले.”

मला नानांचे वाक्य आठवत होते. विचारायचं, समजवायचं नाही.

“काकू,” मी म्हटले, “मी तुमच्या बाजूची नाही. तुम्हाला सल्ला द्यायची मला परवानगी नाही. पण आमच्या पुस्तकात एक गोष्ट आहे, तेवढी सांगते. एक माणूस केस लढत होता. तो वारला. त्याची केस त्याच्याबरोबर जात नाही. त्याच्या बायकोने कोर्टाला सांगायचं, ते गेले, आता त्यांच्या जागी मी. मग केस पुढे चालते.”

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. “नुसतं सांगायचं?”

“हो.”

“गेले म्हणून?”

“हो. पण मुदतीत. तीन महिन्यांच्या आत.”

त्यांनी हिशेब केला नाही. फक्त बाहेर, दारासमोरच्या पांढऱ्या उन्हाकडे पाहिले. “गेले तेव्हा अंगात स्वेटर होता त्यांच्या,” त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. पहिला फोन मी केला, तेव्हा स्वेटरची थंडी सरून फार दिवस झाले नसावेत. त्या दिवशी मुदत बहुधा शिल्लक होती.

“उशीर झाला असेल तर कारण सांगून माफी मागता येते,” मी म्हटले. “तुमच्या वकिलांकडे जा. आजच जा. मी सांगितलं असं म्हणू नका.”

“कारण काय सांगू?” काकूंनी विचारले. “ते झोपलेत म्हणून?”

मी उठले. त्या दारापर्यंत आल्या आणि सवयीने वाकून चपला सरळ केल्या. त्या सरळच होत्या.

ऑफिसात मी रकान्यात लिहिले : वारले आहेत. त्याखाली सही केली आणि वही मॅडमसमोर ठेवली. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले. झोपलेले आहेत. आंघोळीस गेले आहेत. फिरावयास गेले आहेत. खोकला आहे. वारले आहेत.

“हे सगळं तू लिहिलंस?”

“हो.”

“नुसतं हयात लिहिलं असतंस तर...” त्या थांबल्या. “त्या आता उशीर माफ करा म्हणून अर्ज करतील. विभागाचा हुकूम आहे, उशिराच्या प्रत्येक अर्जाला विरोध करायचा. मी विरोध करेन, आणि माझ्याकडे हे आहे.”

“मॅडम, नाही केला विरोध तर?”

“तर का नाही केला हे मला लेखी द्यावं लागेल. काय लिहू? बाई चांगली होती?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मागच्या महिन्यात एका केसमध्ये मी गप्प राहिले. त्याचं स्पष्टीकरण अजून देतेय.”

“दिव्याचा मुद्दा खरा आहे, मॅडम. ते निर्दोष सुटले असते.”

“असतील. म्हणूनच तर केस ऐकली जायला हवी होती.” त्यांनी वही मिटली, पुढची फाइल ओढली. मग मान वर न करता विचारले, “बाई कोर्टात येणार आहे?”

“असं वाटतं.”

“सकाळी लवकर ये म्हणावं. नंतर बाकावर जागा नसते.”

नाना दारात उभे राहून ऐकत होते. बाहेर आल्यावर मला वाटले, काहीतरी कोपरखळी मारतील. ते म्हणाले, “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण रोज चढतो, म्हणून आपल्याला पगार देतात.” आणि कधी नव्हे ते माझ्यासाठी चहा मागवला.

तारखेच्या दिवशी काकू आल्या होत्या. सोबत वकिलांचा ज्युनियर होता, माझ्याच वयाचा. त्याने फाइल त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिली असावी, कारण तो पाने मागेपुढे करत होता. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. मला पाहून त्यांनी ओळख दाखवली नाही. मी सांगितले तसेच त्या वागत होत्या.

शिपायाने दारात येऊन पुकारा केला. ऑपरेटरांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, व्हरांड्यात घुमले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. इतक्या मोठ्याने ते नाव कुणी घेतलेले काकूंनी बऱ्याच दिवसांत ऐकले नसावे. त्या उठल्या आणि पुकारा पूर्ण होईपर्यंत दारात हात जोडून उभ्या राहिल्या.

ज्युनियरने अर्ज वाचला. अज्ञानामुळे उशीर झाला, बाई अशिक्षित आहेत, वगैरे. काकू अशिक्षित नव्हत्या. पण त्याला तसे लिहिलेले मिळाले होते. मग मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी माझा रकाना वाचला, आवाजात कसलाही रंग न आणता. झोपलेले आहेत. आंघोळीस गेले आहेत. माझी वाक्ये त्या उंच छताच्या खोलीत फार नीटनेटकी वाटत होती.

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी काकूंना पुढे बोलावले. “बाई, ऑफिसातून फोन आले तेव्हा तुमचे यजमान वारलेले होते?”

“हो साहेब.”

“मग झोपलेत असं का सांगितलंत?”

काकूंनी ज्युनियरकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. “मला वाटलं, ते असले तर केस असते.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले की एखाद्याला ठाऊक नसल्याने झालेला उशीर कोर्ट माफ करू शकते. इथे मात्र विचारणा झाली असताना, एकदा नव्हे अनेकदा, मृत्यू लपवला गेला. कोर्टाला सहानुभूती आहे. अर्ज नामंजूर. खटला संपुष्टात आला आहे. ते बोलत असतानाच लेखनिक पुढची फाइल वर ठेवत होता.

व्हरांड्यात ज्युनियर काकूंना म्हणाला, वरच्या कोर्टात जाता येईल, सर बोलतील तुमच्याशी. आणि दुसऱ्या पुकाऱ्याला पळाला. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी जवळ गेले. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

“काय म्हणाले गं ते शेवटी?” त्यांनी विचारले. “ह्यांची चूक होती की नव्हती?”

“त्याबद्दल काही बोलले नाहीत, काकू.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. केस तिथपर्यंत गेलीच नाही.”

“एवढी वर्षं?” त्या म्हणाल्या.

मी आजूबाजूला पाहिले. मॅडम आतच होत्या. “काकू, त्यांची चूक नव्हती. मी रसायनशास्त्र शिकलेय. पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग नीट ओळखताच येत नाही. त्यांना काय, मला काय, कुणालाच येत नाही. मी स्वतः करून बघितलं. त्यांनी पांढरी ट्यूब मागितली होती, ती दिली असती तर हे झालं नसतं.”

काकू माझे बोलणे अगदी लक्ष देऊन ऐकत होत्या, औषध कसे घ्यायचे ते ऐकावे तसे. “तेही हेच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “घरी आले आणि पहिल्यांदा सगळे बल्ब काढून ट्यूबा लावल्या. मला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय.” मग त्यांनी विचारले, “हे तू आत का नाही बोललीस?”

“मला आत बोलायची परवानगी नाही. मी शिकाऊ आहे.”

“असं होय.” त्यात राग नव्हता. “बरं. मला सांगितलंस ना. झालं.”

जिन्यापाशी पाण्याचा नळ होता आणि साखळीला बांधलेला स्टीलचा पेला. काकू तिकडे गेल्या. पेला भरला, पण लगेच प्यायल्या नाहीत. तो नाकाशी नेला, एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटले आणि थांबल्या. मी ओळखले, हे त्यांचे स्वतःचे नव्हते. कुणाला तरी रोज असे करताना पाहून ते त्यांच्यात आले होते.

“रोज सकाळी नळ आला की पहिला पेला मला द्यायचे,” घोट गिळून त्या म्हणाल्या. “म्हणायचे, बघ बरं, वास लागतोय ना? काढून टाकल्यावरसुद्धा. मी हो म्हणायची. मग दिवस बरा जायचा त्यांचा.”

“लागायचा वास?”

“छे गं. कधीच नाही लागला मला.” त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. “तुला लागतोय?”

मी वास घेतला. एक घोट प्यायले. पाण्याला पाण्याचीच चव होती.

“हो,” मी म्हटले. “लागतोय.”

काकूंनी माझ्याकडे पाहिले. उरलेले पाणी त्या उभ्याउभ्या शेवटपर्यंत प्यायल्या. पेला विसळला, पाणी निथळू दिले आणि साखळीचा पीळ सोडवून तो कट्ट्यावर उपडा ठेवला. मग पदर सावरून, कठड्याला धरत, एकेक पायरी उतरू लागल्या.